उतारवयांतील मधुमेहाचें एक फसवें रूप

मधुमेह हा रोग आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं आतां अपरिचित राहिला असेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्यानें देशभर जी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें या देशांत सुमारें दहा कोटी माणसें मधुमेही आहेत. रोग इतका सर्वसाधारण झाला, म्हणजे त्याविषयींचें ज्ञानही घरोघर पसरतें. परंतु असें पसरलेलें ज्ञान बहुधा अर्धवट असतें. वडील माणसास मधुमेह झाला, कीं त्याचें कारण ठरलेलें: बसून काम केलें, पोट सुटलें, गोडाची आवड होती, शिवाय वडिलांनाही होता. उपायही ठरलेला: साखर बंद, भात कमी, सकाळीं फिरावयास जाणें आणि जेवणाच्या वेळीं गोळी. बहुसंख्य रोग्यांच्या बाबतींत हें सारें बरोबरही असतें.

परंतु या ठरीव चित्रांत न बसणारा असा एक मधुमेह आहे. तो चाळिशी, पन्नाशी, प्रसंगीं सत्तरी उलटल्यावरही सुरू होतो. वरकरणी नेहमींच्या मधुमेहासारखाच दिसतो. आरंभीं गोळ्यांनीं आटोक्यांतही येतो. मात्र त्याचें मूळ निराळें असतें, आणि म्हणून शेवटीं त्याचा उपायही निराळा करावा लागतो. हें वेळीं ओळखलें नाहीं, तर रोग्याचें शरीर झिजत जातें आणि घरांतील मंडळी, पथ्य नीट पाळलें जात नाहीं असें समजून, त्यालाच दोष देत राहतात. एकत्र कुटुंबांत वडील माणसाचा असा दुहेरी छळ, न कळत कां होईना, होऊं नये, या हेतूनें या विषयाची शक्य तितकी सोपी माहिती आम्ही येथें देत आहों.

एकच नांव, दोन रोग

जठराच्या मागच्या बाजूस स्वादुपिंड नांवाची ग्रंथि आहे. तिच्यांत पेशींचीं लहान लहान बेटें विखुरलेलीं असतात. पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानें इ. स. १८६९ मध्यें त्यांचें प्रथम वर्णन केलें, म्हणून त्यांस लँगरहान्सचीं बेटें असें म्हणतात. या बेटांतील ‘बीटा’ नांवाच्या पेशी इन्शुलिन तयार करितात, आणि इन्शुलिनच्या साहाय्यानें रक्तांतील साखर स्नायूंच्या व मेदाच्या पेशींत जाऊन उपयोगीं पडते. इन्शुलिनच्या कामांत बिघाड झाला, कीं साखर रक्तांतच सांचूं लागते. तिलाच आपण मधुमेह म्हणतों.

हा बिघाड मुख्यतः दोन तऱ्हांनीं होतो. पहिल्या तऱ्हेंत शरीराचें संरक्षण करणारी जी रोगप्रतिकारक यंत्रणा, तीच चुकून आपल्या बीटा पेशींना परकें समजते व त्यांचा नाश करिते. इन्शुलिन तयार करणारा कारखानाच बंद पडतो, तेव्हां तें बाहेरून टोचून देण्यावांचून गत्यंतर नसतें. यास पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेंत इन्शुलिन तयार होत असतें, परंतु शरीर त्यास पुरेसा प्रतिसाद देत नाहीं, आणि हळूहळू बीटा पेशी या अधिक कामानें थकून जातात. हा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह; आणि वडील माणसांत आढळतो तो बहुतकरून हाच.

मुलांना व तरुणांना होतो तो पहिला, आणि प्रौढांना होतो तो दुसरा, अशी समजूत पुष्कळ वर्षें वैद्यकांतही रूढ होती. ती पुरती खरी नव्हे. इंग्लंडमधील एक्झीटर विद्यापीठाच्या संशोधकांनीं इ. स. २०१८ मध्यें ब्रिटनमधील फार मोठ्या लोकसमूहाच्या आनुवंशिक माहितीचा अभ्यास करून दाखविलें कीं, वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत पहिल्या प्रकारचा मधुमेह ज्यांस होतो, त्यांपैकीं सुमारें ४२ टक्के लोकांस तो तिशी उलटल्यावर होतो. लहानपणीं होणारा रोग वादळासारखा येतो, म्हणून ताबडतोब ओळखूं येतो. प्रौढपणीं होणारा पुष्कळदां हलक्या पावलांनीं येतो, आणि म्हणूनच त्याच्यावर दुसऱ्याचें नांव पडतें.

हा भेद कसा उमगला

इ. स. १९३६ मध्यें लंडनचे डॉ. हिम्सवर्थ यांनीं रोग्यांस साखर पाजून त्याच वेळीं शिरेंतून इन्शुलिन दिलें, आणि कांहींची साखर झपाट्यानें उतरते, तर कांहींची उतरत नाहीं, असें दाखविलें. मधुमेह हा एक रोग नसून निदान दोन आहेत, हें त्यावरून स्पष्ट झालें. पुढें इ. स. १९७४ मध्यें लंडन येथेंच बोटाझो, डोनिआख प्रभृति संशोधकांस कांहीं मधुमेह्यांच्या रक्तांत स्वादुपिंडाच्या बेटांविरुद्ध तयार झालेलीं प्रतिद्रव्यें सांपडलीं. शरीर आपल्याच अवयवावर उठलें आहे, याचा हा पुरावा होता.

खरी कलाटणी इ. स. १९८६ मध्यें मिळाली. फिनलंडमधील लीफ ग्रूप व त्यांचे सहकारी यांनीं ज्यांचा मधुमेह वयाच्या ३५ ते ७५ वर्षांच्या दरम्यान उघडकीस आला होता अशा रोग्यांचें रक्त तपासलें. प्रौढांचा नेहमींचाच मधुमेह समजल्या गेलेल्या या मंडळींपैकीं कांहींच्या रक्तांत तींच प्रतिद्रव्यें निघालीं, आणि त्यांच्या शरीरांतील इन्शुलिन क्रमाक्रमानें आटत गेलें. इ. स. १९९३ मध्यें ‘जीएडी’ या द्रव्याविरुद्धच्या प्रतिद्रव्याची तपासणी वापरून फिनलंड व ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांनीं या रोगास ‘प्रौढांतील सुप्त स्वयंप्रतिकारजन्य मधुमेह’ अशा अर्थाचें नांव दिलें. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टरमंडळी त्यास ‘लाडा’ म्हणतात. नांव लाडाकोडाचें वाटलें, तरी रोग तसा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. २०१९ च्या वर्गीकरणांत त्यास दोन्ही प्रकारांचे धर्म अंगीं असलेल्या मिश्र गटांत स्थान दिलें, आणि ‘प्रौढांतील सावकाश वाढणारा प्रतिकारजन्य मधुमेह’ अशा अर्थाचें नांव सुचविलें.

हा रोग किती आढळतो, हें देशपरत्वें बदलतें. ब्रिटनमध्यें २५ ते ६५ वर्षें वयाच्या ३६७२ गोऱ्या रोग्यांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष १९९७ सालीं प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणून नोंदलेल्या या रोग्यांपैकीं सुमारें दहा टक्क्यांच्या रक्तांत जीएडीविरोधी प्रतिद्रव्यें होतीं. चीनमध्यें २५ शहरांतून झालेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत हें प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास निघालें. म्हणजे रोग विरळा असला तरी दुर्मिळ म्हणतां येणार नाहीं.

ब्रिटनमधील त्याच तपासणींतील आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. प्रतिद्रव्यें असलेल्या तरुण रोग्यांपैकीं, म्हणजे ज्यांचें वय पस्तिशीच्या आंत होतें अशांपैकीं, ८४ टक्क्यांस सहा वर्षांच्या आंत इन्शुलिन लागलें. परंतु ज्यांचें वय पंचावन्नच्या वर होतें अशांत हेंच प्रमाण ३४ टक्के होतें. आणि प्रतिद्रव्यें नसलेल्या त्याच वयाच्या रोग्यांत तें अवघें ५ टक्के होतें. उतारवयांत रोगाची चाल मंद असते, पण दिशा तीच असते, असा याचा अर्थ.

फसगत कोठें होते

ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांनीं आपली हकीकत स्वतःच जाहीरपणें सांगितलेली आहे. २०१२ सालीं त्या गृहमंत्री होत्या आणि त्यांचें वय ५६ वर्षांचें होतें. त्या वर्षीं लंडनमध्यें ऑलिंपिक सामने होते. त्यांचें वजन घटलें होतें. परंतु कामाची धांदल फार, त्यामुळें घटलें असेल, अशी त्यांची समजूत झाली. रक्त तपासलें तेव्हां मधुमेह निघाला. तो दुसऱ्या प्रकारचा समजून गोळ्या देण्यांत आल्या. गोळ्यांचा उपयोग होईना, तेव्हां अधिक तपासण्या झाल्या आणि रोग पहिल्या प्रकारचा असल्याचें निष्पन्न झालें. त्यांस इन्शुलिन लवकरच लागलें, त्यामुळें ही सावकाश वाढणाऱ्या लाडाची तंतोतंत हकीकत नव्हे. परंतु वयावरून निदान करण्यांत कशी चूक होते, याचें तें स्वच्छ उदाहरण आहे. पुढें दिवसांतून अनेक वेळां इन्शुलिन घेत त्यांनीं २०१६ पासून २०१९ पर्यंत पंतप्रधानपद सांभाळलें.

आतां हीच गोष्ट आपल्याकडील एखाद्या घरांत घडली तर काय होईल, याची कल्पना करूं. आजोबांचें वय पासष्ट. निवृत्त झाल्यास सात वर्षें झालीं. रक्त तपासणींत साखर निघाली, गोळी सुरू झाली, आणि सहा महिने सर्व ठीक चाललें. मग साखर वाढूं लागली. डॉक्टरांनीं गोळी वाढविली, दुसरी जोडली. घरांत कुजबूज सुरू होते: ‘आजोबा देवळांतून येतांना पेढा खातात’, ‘दुपारीं फडताळाचा आवाज झाला होता’. सून लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवते. मुलगा पोळ्या मोजतो. आजोबांचा भात बंद होतो, मग रात्रींचें जेवण अर्धें होतें. वजन आणखी चार किलो उतरतें, आणि शेजारीपाजारी म्हणतात, ‘वा, पथ्य मानवलें हो!’ सदरा खांद्यावरून लोंबूं लागतो, तेव्हां कोणी तरी म्हणतें, ‘वय झालें आतां’. या सर्व काळांत आजोबांनीं एकही पेढा खाल्लेला नसतो. त्यांच्या शरीरांत इन्शुलिनच उरत नसतें. अन्न पोटांत जातें पण अंगीं लागत नाहीं, आणि शरीर आपलेंच स्नायू व मेद जाळून दिवस काढीत असतें.

या चित्रांत घरच्या मंडळींची माया कमी आहे असें नाहीं. त्यांच्याजवळ माहिती एकाच मधुमेहाची आहे, एवढाच दोष. परंतु ज्यानें आयुष्यभर घर चालविलें, त्याला म्हातारपणीं चोरून खाण्याचा आळ सोसावा लागणें, हें दुखण्यापेक्षां अधिक झोंबणारें असतें. म्हणून गोळ्या व पथ्य असूनही साखर आटोक्यांत येत नसेल, तर संशय प्रथम रोगावर घ्यावा, माणसावर मागाहून.

ओळखण्याच्या खुणा

२००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्नच्या संशोधकांनीं पांच खुणा सांगितल्या: रोग पन्नाशीच्या आंत सुरू होणें, सुरुवातीस तहान, वारंवार लघवी, वजन घटणें अशीं ठळक लक्षणें असणें, अंग स्थूल नसणें, रोग्याला स्वतःला दुसरा एखादा स्वयंप्रतिकारजन्य रोग असणें, आणि असा रोग जवळच्या नातेवाइकांत असणें. यांपैकीं दोन किंवा अधिक खुणा जुळल्या, तर प्रतिद्रव्यांची तपासणी करावी, असें त्यांचें म्हणणें. वडील माणसांच्या बाबतींत पहिली खूण आपोआपच गळते, तेव्हां उरलेल्या चारींकडे अधिक बारकाईनें पाहावें लागतें.

तहान व लघवी यांविषयीं एक सावधगिरी सांगितली पाहिजे. म्हातारपणीं तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळें फार पाणी पिणें हें लक्षण ठळक दिसत नाहीं. रात्रीं वारंवार उठावें लागतें, तें पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीच्या माथीं मारलें जातें, आणि रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास तिच्या. हीं कारणें खरींही असूं शकतात. पण त्यांच्या आड मधुमेह लपलेला नाहीं ना, हें पाहावें.

स्वयंप्रतिकारजन्य रोग कोणते? गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा बिघाड हा सर्वांत नेहमींचा. त्याखेरीज अंगावरील कोड, संधिवाताचा सूज आणणारा एक प्रकार, गहूं न सोसणारा सीलिअॅक रोग, आणि जठरांतून ब-१२ जीवनसत्त्व शोषलें न गेल्यामुळें होणारा रक्तक्षय. ब-१२ ची उणीव शाकाहारी घरांत आहारामुळेंही होते, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेतल्यानेंही होते. तेव्हां तेवढ्या एकावरून अनुमान काढूं नये. परंतु आत्याला थायरॉइड, आईला कोड, आणि स्वतःस मधुमेह, अशी साखळी असेल, तर ती डॉक्टरांस आवर्जून सांगावी. एकत्र कुटुंबाचा येथें मोठा उपयोग आहे. तीन पिढ्यांचीं दुखणीं एकाच छपराखालीं लोकांच्या आठवणींत असतात.

अंगकाठीविषयीं मात्र आपण अधिक सावध असलें पाहिजे. पाश्चात्य देशांत मधुमेही मनुष्य सडपातळ असला, कीं लगेच पहिल्या प्रकाराचा संशय येतो. आपल्याकडे तसें म्हणतां येत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखवून दिलें आहे कीं, भारतीय मनुष्य दिसावयास बारीक असला तरी त्याच्या अंगांत मेदाचें प्रमाण जास्त असतें. २००४ सालीं त्यांनीं आपल्या एका इंग्रज सहकाऱ्यासह स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ असा सारखाच होता. परंतु इंग्रज डॉक्टरांच्या अंगांत मेद ९.१ टक्के होता, तर डॉ. याज्ञिकांच्या अंगांत २१.२ टक्के. तेव्हां आपल्या लोकांत मनुष्य बारीक आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढूं नये. प्रयत्न न करितां तो बारीक होत चालला आहे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

याच ठिकाणीं दुसरीही एक गोष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. साठीनंतर नव्यानें मधुमेह निघाला आणि वजन भराभर उतरूं लागलें, तर त्याचें कारण लाडाच असेल असें नाहीं. क्षयरोग, थायरॉइडचा अतिरेक, स्टिरॉइड औषधें, आणि क्वचित् स्वादुपिंडाचा कर्करोग, यांचाही विचार डॉक्टरांस करावा लागतो. वजन घटणें ही खूण कोणत्याही अर्थानें घेतली, तरी दुर्लक्ष करण्यासारखी नव्हे.

दोन तपासण्या

संशय आला तर रक्ताच्या दोन तपासण्यांनीं पुष्कळ उलगडा होतो. पहिली जीएडीविरोधी प्रतिद्रव्यांची. तीं सांपडलीं, तर शरीरांतील घरभेदीपणा सिद्ध होतो. जरूर वाटल्यास आणखी एक-दोन प्रतिद्रव्यें तपासतात. मात्र सरसकट प्रत्येक मधुमेह्याची ही तपासणी करण्यांत अर्थ नाहीं. कारण संशयास जागा नसतांना केलेल्या तपासणींत खोटा होकार येण्याचा संभव वाढतो. खुणा जुळतील तेथेंच ती करावी.

दुसरी तपासणी ‘सी-पेप्टाइड’ची. शरीर इन्शुलिन तयार करितें, तेव्हां आधीं एक लांब द्रव्य बनतें आणि त्याचे तुकडे होऊन इन्शुलिन व सी-पेप्टाइड हीं सारख्याच संख्येनें बाहेर पडतात. अमेरिकेंतील डोनाल्ड स्टायनर यांनीं १९६७ सालीं लावलेल्या शोधामुळें हें कळलें. टोचलेल्या इन्शुलिनमध्यें सी-पेप्टाइड नसतें; म्हणून त्याच्या प्रमाणावरून शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवितें हें समजतें. २०२० सालीं तज्ज्ञांच्या एका मंडळानें लाडाच्या उपचारासाठीं मर्यादा सुचविल्या. लिटरमागें ०.३ नॅनोमोलच्या खालीं असेल, तर पहिल्या प्रकाराप्रमाणें इन्शुलिनचा उपचार करावा, ०.७ च्या वर असेल, तर तूर्त दुसऱ्या प्रकाराप्रमाणें चालावें. आणि मधल्या पट्ट्यांत असेल, तर दर सहा महिन्यांनीं पुन्हा पाहावें. रक्तांतील साखर अतिशय चढलेली असतांना हा आंकडा तात्पुरता खालीं येतो, आणि मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं असतां खोटाच वर जातो. म्हणून कागदावरचा आंकडा घरीं वाचून निर्णय करूं नये. तो डॉक्टरांनींच लावावा.

उपचाराविषयीं

रोगाचें नांव बदललें म्हणजे औषधही बदलूं शकतें, म्हणूनच हा सर्व खटाटोप. स्वादुपिंडास पिळून इन्शुलिन काढणाऱ्या ज्या जुन्या गोळ्या आहेत, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड, त्या लाडाच्या रोग्यास देऊं नयेत असा वरील तज्ज्ञमंडळाचा सल्ला आहे. जपानमध्यें साठ रोग्यांवर झालेल्या व २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, अशा गोळ्या घेणाऱ्यांपेक्षां आरंभापासून इन्शुलिन घेणाऱ्यांची स्वतःची इन्शुलिन बनविण्याची शक्ति अधिक टिकली.

दुसरा धोका नव्या औषधांपैकीं एका वर्गाचा. ज्यांच्या नांवाच्या शेवटीं ‘ग्लिफ्लोझिन’ येतें, त्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय व मूत्रपिंड यांस त्या हितकर ठरल्या आहेत. परंतु ज्याच्या शरीरांत इन्शुलिन उरलेलें नाहीं अशा माणसाच्या रक्तांत त्यांच्यामुळें आम्लें सांचूं शकतात, आणि तेंही साखर फारशी वाढलेली नसतांना. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०१५ सालींच तसा इशारा दिला. मळमळ, वारंवार उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासास पिकल्या फळासारखा वास, गुंगी, हीं त्या अवस्थेचीं लक्षणें होत. तीं दिसतांच सकाळची वाट न पाहतां रोग्यास रुग्णालयांत न्यावें. मात्र हें वाचून कोणीही चालू औषध आपल्या मनानें बंद करूं नये. डॉक्टरांस विचारावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.

इन्शुलिनची सुई लागली म्हणजे शेवट जवळ आला, ही समजूत आमच्या जुन्या पिढींत अजून घट्ट आहे. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं १९२१ सालीं शोध लावीपर्यंत पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यास उपाशी ठेवून थोडे दिवस अधिक जगविणें एवढाच उपचार होता. जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलास इन्शुलिन मिळालें, आणि तो पुढें तेरा वर्षें जगला. सुई ही अखेरची खूण म्हणून आली नाहीं. ती उपासमारीची जागा घ्यावयास आली.

आपल्या प्राचीन वैद्यांचेंही येथें स्मरण होतें. चरकसंहितेंत मधुमेह्यांचे स्थूल व बलवान्, आणि कृश व दुर्बळ असे दोन वर्ग केले असून, कृशास पोषक उपचार द्यावा आणि दोष व बळ अधिक असलेल्याचें शोधन करावें, असें सांगितलें आहे. सुश्रुतानेंही जन्मजात आणि अपथ्यामुळें झालेला असा भेद केला आहे. त्यांस स्वयंप्रतिकार ठाऊक होता असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु झिजत चाललेल्या मधुमेह्यास अधिक उपाशी ठेवूं नये, हा त्यांचा विवेक आजही आपल्या घरांतून पाळला जात नाहीं, हें मात्र खरें.

घरांतील मंडळींचें कर्तव्य

निदान झाल्यावर इन्शुलिन कोण देणार, हा प्रश्न पहिल्याच दिवशीं सोडवावा. आजीची दृष्टि अधू असेल किंवा आजोबांचा हात कांपत असेल, तर एका माणसावर न विसंबतां घरांतील निदान दोघांनीं टोचण्याची रीत शिकावी. एक परगांवीं गेलें तरी खाडा पडत नाहीं. न उघडलेली कुपी शीतकपाटांत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यांत कधींही नाहीं. गोठलेलें इन्शुलिन निकामी होतें. चालू कुपी साधारणपणें चार आठवडे घरांतील थंड जागीं चालते.

इन्शुलिनची खरी भीति साखर वाढण्याची नसून ती फार उतरण्याची आहे. घाम, कंप, भूक, चिडचिड, आणि वृद्धांत कित्येकदां नुसता गोंधळ किंवा असंबद्ध बोलणें, हीं तिचीं लक्षणें. मनुष्य शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनीं रक्त तपासावें आणि गरज पडल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहींही घालूं नये. तात्काळ वैद्यकीय मदत आणावी. जो साखरेचा डबा एरवीं दूर ठेवावयाचा, तोच अशा वेळीं हाताशीं असला पाहिजे, हें घरांतील मुलांनाही सांगून ठेवावें.

एकादशी, चातुर्मास, श्रावणांतील सोमवार, हें सर्व ज्यांनीं आजन्म पाळलें, त्यांस एकदम ‘सोडा’ म्हणून सांगणें योग्य नव्हे. पण उपासाच्या दिवशीं इन्शुलिनही आपल्या मनानें बंद करावें, ही मोठी घातुक समजूत आहे. दीर्घकाळ काम करणारें इन्शुलिन शरीरास जेवण नसतांनाही लागतें. मात्रा किती ठेवावयाची हें आधीं डॉक्टरांस विचारावें. शिवाय साबुदाण्याची खिचडी व रताळीं यांनीं साखर बरीच चढते, हें विसरूं नये. प्रकृति सांभाळून व्रताचें रूप बदलण्यास आपल्या शास्त्रानें कधींच मनाई केलेली नाहीं.

शेवटीं एक सोपी सूचना. घरांत ज्या कोणा वडील माणसास मधुमेह असेल, त्याचें वजन दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशीं करून एका वहींत लिहून ठेवावें. त्याच वहींत साखरेचे आंकडे, औषधांचीं नांवें आणि घराण्यांतील दुखणीं लिहावीं. तीन-चार महिन्यांत पथ्य असूनही वजन उतरत व साखर चढत असल्याचें दिसलें, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावें आणि नम्रपणें विचारावें: ‘हा मधुमेह दुसऱ्याच प्रकारचा असूं शकेल काय? प्रतिद्रव्यें व सी-पेप्टाइड तपासणें योग्य होईल काय?’ विचार करणाऱ्या डॉक्टरास या प्रश्नाचा राग येत नाहीं. उत्तर ‘नाहीं’ असें आलें तर एक शंका फिटली. ‘होय’ असें आलें तर योग्य उपचारानें वजन भरूं लागतें, अंगांत त्राण येतें. आणि घरांतील वडील मनुष्य पुन्हा पंगतीस, कोणाच्याही नजरेचा धाक न बाळगतां, सर्वांबरोबर बसून जेवूं शकतो.